भिंत अजून ओली आहे

पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका सेवा क्लबची सचिव आहे. आम्ही २७ सभासद. आठ महिन्यांपूर्वी नदीचं पाणी वस्तीत शिरलं. माणसं गेली, घरं गेली. पहिले चार महिने आम्ही पाणी, पांघरुणं, औषधं वाटली. आता सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर मोठं भित्तिचित्र करावं आणि पुराच्या वर्षदिनी, म्हणजे जूनअखेरीस, त्याचं लोकार्पण करावं असं अध्यक्षांच्या मनात आहे. १ जुलैला नवे अध्यक्ष येतात, त्याआधी त्यांना हे उरकायचंय. शाळेतल्या मुलांकडून एका कोपऱ्यात नमुना रंगवून घेतला, तर तीन आठवड्यांत पोपडे सुटले आणि आतून पांढरी पावडर निघाली. चित्रकलेचे सर म्हणतात, मुलांना पूरच काढायला सांगा, मन मोकळं होईल. दोन सभासद म्हणतात, लोकांना धड छप्पर नाही आणि तुम्ही चित्रं काय काढताय. अध्यक्षांना मधोमध क्लबचं बोधचिन्ह हवंय. मी काय करू?
— एक सचिव

उत्तर

सचिवताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ त्या पांढऱ्या पावडरीची आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

तो लोणा आहे. पुरात विटांनी पाणी पिऊन घेतलं. ते पाणी आता हळूहळू बाहेर येतंय आणि येताना विटेतले, गिलाव्यातले आणि पुराच्या गाळातले क्षार सोबत आणतंय. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षाराचे स्फटिक मागे राहतात. वर रंगाचा थर असेल तर स्फटिक त्याच्या मागच्या बाजूला वाढतात आणि थराला ढकलून देतात. मुलांचा रंग वाईट नव्हता आणि हातही चुकला नव्हता. त्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला असता तरी तो सुटलाच असता. रंग जितका चिवट आणि हवाबंद, तितका मोठा पोपडा निघतो.

विटांची भिंत किती दिवसांत सुकते, याचा एक जुना ठोकताळा आहे: जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना, तेही हवा खेळती असेल तर. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर चार-पाच महिने लागतात. आतून फरशा, कपाटं किंवा तैलरंग असेल तर ओल एकाच बाजूने निघते आणि हाच काळ नऊ महिन्यांवर जातो. तुमची भिंत आतून कशी आहे ते आधी बघा. मग एक सोपी चाचणी करा. दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. एक जमिनीपासून हातभर उंचीवर, एक छातीच्या उंचीला आणि एक पाण्याच्या खुणेच्या वर. चोवीस तासांनी काढा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचा गिलावा गडद झाला असेल तर भिंत रंगवण्याजोगी नाही. दर पंधरा दिवसांनी ही चाचणी करत राहा आणि तारीख वहीत लिहा.

लोणा काढायचा तो कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने. भिंत पाण्याने धुवायचा मोह होतो, पण धुतलं की क्षार विरघळून परत विटेत जातात आणि महिन्याभराने पुन्हा वर येतात. झाडलेली पावडर खाली कागद अंथरून गोळा करा आणि दूर टाका. भिंतीच्या पायथ्याशी पडू दिली तर पहिल्या पावसात ती पुन्हा आत.

ब्रश हातात घेण्यापूर्वी मात्र एक काम करा आणि ते याच आठवड्यात करा. भिंतीवर पाणी चढल्याची तपकिरी रेघ अजून असेल. तिच्या दोन टोकांना खिळ्याने खूण कोरून ठेवा. साफसफाईत, गिलाव्यात, रंगात ही रेघ एकदा गेली की पाणी कुठवर आलं होतं ते कुणालाही ठामपणे सांगता येत नाही, आणि पाच वर्षांनी त्यावरून वाद होतात. बाहेरच्या भिंतीवरची रेघ लाटांमुळे वरखाली असते. खरी पातळी बंद खोलीत मिळते. तिथली रेघ बाहेर आणायला गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या: दहा मीटर लांब, पारदर्शक, आत थोडं रंगीत पाणी, बुडबुडा एकही नको, दोन्ही टोकं उघडी. एक माणूस आतल्या रेघेशी पाणी जुळवतो, दुसरा बाहेर पाणी थांबेल तिथे खूण करतो. दहा मिनिटांचं काम आहे. जपानच्या इवाते प्रांतात आनेयोशी नावाच्या छोट्या वस्तीत १९३३ च्या त्सुनामीनंतर लोकांनी एक दगड उभा केला. या खुणेच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर कोरलं आहे. २०११ ची त्सुनामी त्या दगडाच्या अलीकडे थांबली आणि दगडाच्या वरची घरं वाचली. तुमच्या कलाकृतीत दुसरं काही असो-नसो, ही पातळी तारखेसह असावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता त्या दोन सभासदांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीत, म्हणून त्यांना बैठकीत गप्प करू नका. वस्तीत अजून कुणी ताडपत्रीखाली राहत असेल तर आधी छप्पर, हा क्रम बदलता येत नाही. शिवाय मदतकार्यासाठी आलेली देणगी भित्तिचित्रावर खर्च करता येणार नाही, मग ती कितीही शिल्लक असो. देणाऱ्याने ज्या कामासाठी दिली त्याच कामाला ती लागली पाहिजे. कलेच्या कामाला वेगळी पावती, वेगळं खातं, आणि ठरावात तसं स्पष्ट लिहिलेलं. हे झालं की त्या दोघांचा निम्मा विरोध मावळेल. उरलेल्या निम्म्याचं उत्तर तुम्ही-आम्ही देऊच शकत नाही, ते वस्तीने द्यायचं आहे.

म्हणून वस्तीला विचारायचं. सभा बोलावून नव्हे, सभेत तेच चार जण बोलतात. दोघा-दोघांनी घरोघर जा, दहा-बारा घरं पुरेत, पण निवडताना ज्यांचं माणूस गेलं अशी घरं, भाड्याने राहणारी, म्हातारे एकटे राहणारी आणि क्लबशी काही संबंध नसलेली घरं त्यात हवीत. क्लबचं जाकीट घालू नका, फॉर्म नेऊ नका, फोटो काढू नका. प्रश्न एकच: "त्या भिंतीवर काही असावं असं वाटतं का, आणि असलं तर रोज येता-जाता काय दिसलं तर चालेल?" उत्तर "काही नको" असं आलं तर तेही लिहून घ्या. बारांतल्या पाच-सहा घरांनी नको म्हटलं तर काम सहा महिने पुढे ढकला. क्लबला हे जड जातं, कारण चार महिने वाटप केल्यावर लोक आपल्याला नाही म्हणतील हे मनात येत नाही. पण ज्याला पांघरूण दिलं तो चित्रालाही होच म्हणेल असं धरून चाललं, की पुढे चित्रासमोरून मान खाली घालून जाणारी माणसं दिसू लागतात.

चित्रकलेच्या सरांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र घेऊ नका. आपत्तीनंतर लोकांना एका बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा बोलायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. तिने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेचा गाभा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नाही त्याला खोदू नका, आणि गरज असेल त्याला योग्य माणसापर्यंत पोचवा. चित्रालाही हेच लागू. "पूर काढा" हा हुकूम आहे. नऊ वर्षांच्या मुलाला तो मोडता येत नाही. त्याऐवजी विषय असा द्या की ज्यातून पुराकडे जाता येईल आणि पुरापासून लांबही राहता येईल: "तुमच्या घरातली एक वस्तू काढा", "सकाळी पहिल्यांदा ऐकू येणारा आवाज कसा दिसतो ते काढा", "नदीकाठची एक जागा". एखादं मूल आपणहून पूरच काढत राहिलं तर काढू द्या. थांबवू नका, कौतुकाचा गोंधळही घालू नका.

पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. वेळ पाऊण तास, फार तर तास. "हे काय काढलंस?" असं विचारायचं नाही, "याबद्दल काही सांगायचंय का?" असं विचारायचं आणि नाही म्हटलं तर पुढच्या मुलाकडे वळायचं. काळा रंग जास्त वापरला म्हणजे मूल दुःखी आहे, असे अर्थ कुणीही लावू नयेत, ते चित्रकला शिकवणाऱ्याचं काम नाही आणि आपलं तर मुळीच नाही. झोप उडालेली, घाबरून दचकणारी, बोलणं बंद केलेली मुलं दिसली तर पालकांशी बोला. डॉक्टर किंवा समुपदेशकाचं नाव आणि फोन नंबर पहिल्या दिवसापूर्वीच तुमच्या वहीत असला पाहिजे, त्या दिवशी शोधाशोध नको. आणि मुलांची चित्रं त्यांना विचारल्याशिवाय क्लबच्या पानावर टाकू नका. पालकांची लेखी संमती आणि मुलाचाही होकार, दोन्ही हवं.

आता भिंतीचं काय करायचं ते. आमचा सल्ला: भिंतीवर रंगवूच नका. फुटक्या फरश्या आणि कपबशांची मोझेक चित्रं सिमेंट बोर्डाच्या सुट्या पाट्यांवर करा आणि भिंत सुकली की त्या पाट्या भिंतीपुढे टांगा. असं केल्याने तुमच्या बऱ्याच अडचणी एकदम हलक्या होतात. भिंत सुकायला वेळ मिळतो, काम सभागृहात सावलीत बसून होतं, म्हातारी माणसं शिडीवर चढल्याशिवाय सामील होतात, तारीख पुढे गेली तरी काही बिघडत नाही. उद्या सभागृह पाडायचं ठरलं तर पाट्या उतरवून दुसरीकडे नेता येतात. वस्तू फुटल्या त्यांच्या घरातल्या, आणि त्याच भिंतीवर येणार, हे तर आहेच.

हिशेब असा. ६० बाय ६० सेंटीमीटरच्या २४ पाट्या, आठ आडव्या आणि तीन उभ्या, म्हणजे ४.८ मीटर बाय १.८ मीटरचं चित्र, ८.६ चौरस मीटर. बोर्ड १२ मिलिमीटर जाडीचा सिमेंट फायबर बोर्ड घ्या. प्लायवूड स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल, पण बाहेर पाऊस-ऊन लागलं की तो फुगतो-आकसतो आणि फरशी फुगत नाही, मग एकेक तुकडा गळायला लागतो. एक पाटी पूर्ण झाल्यावर १४-१५ किलो भरते, दोघांनी उभी धरून न्यायची. आडवी नेली तर मधे वाकते आणि सांध्याला केसासारखी चीर जाते. फरशीचे तुकडे प्रत्यक्षात १२०-१३० किलो लागतील, पण गोळा दुप्पट करा, कारण निम्मे रंगाला, जाडीला किंवा आकाराला जमत नाहीत. टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचा मसाला, ६० किलो, बाहेरच्या वापराचा, पॉलिमरवाला. ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधले सांधे भरायची पूड, ३० ते ३५ किलो. फुटक्या तुकड्यांत सांधे रुंद आणि वेडेवाकडे असतात, म्हणून नेहमीच्या फरशीकामापेक्षा ग्राउट खूपच जास्त लागतो. दुकानदार पाकिटावर बघून दहा किलो सांगेल, तो चौकोनी फरशीचा हिशेब असतो.

तुकडे गोळा करताना काही गोष्टी कडक पाळा. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे उचलू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि फोडल्यावर धूळ फुप्फुसात जाते. जुन्या रंगवलेल्या दार-खिडक्यांच्या ढलप्या नकोत, जुन्या रंगात शिसं असतं. फरशी आणि कपबश्या पुराच्या पाण्यातल्या, म्हणजे मैल्याच्या पाण्यातल्या आहेत असंच धरायचं. आधी साबणाच्या पाण्याने घासून चिखल पूर्ण काढा, मग दर लिटर पाण्याला साधारण १२ मिलिलिटर घरगुती ब्लीच अशा पाण्यातून काढून उन्हात वाळवा. चिखल असताना ब्लीच टाकलं तर ते चिखलावरच खर्च होतं. ब्लीचमध्ये फरशी धुण्याचं ॲसिड कुणी मिसळणार नाही याकडे एका माणसाचं लक्ष ठेवा. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो.

एक वही यासाठीच ठेवा. क्रमांक, आणणाऱ्याचं नाव, वस्तू काय, फोडली तर चालेल का, आणि शेवटी कुठल्या पाटीवर गेली. चौथा रकाना विसरू नका. निळ्या काठाची एक बशी कुणी फडक्यात गुंडाळून आणून देतं. तिला फक्त काठाला टवका गेलेला असतो. ती मोझेकसाठी दिली म्हणजे हातोडीखाली जाणार, हे त्यांच्या डोक्यात असेलच असं नाही. विचारा. नको म्हणाले तर ती अख्खी बसवा. मागे ॲडहेसिव्हचा जाड गादीसारखा थर द्या, म्हणजे बशीची पोकळी भरून निघते. आणि आजूबाजूचे तुकडे तिच्या काठापर्यंत भिडवा. एका पाटीवर एक-दोन अख्ख्या वस्तू शोभतात, त्याहून जास्त झाल्या की नजर कुठेच ठरत नाही.

फोडायचं काम मोठ्यांनी, मुलांनी फक्त मांडायचं. वस्तू गोणपाटात दोन घड्या घालून गुंडाळायची, वरून हातोडीचे छोटे ठोके. डोळ्यांना गॉगल, हाताला जाड मोजे, दोन्ही सक्तीने. बारीक आकार द्यायला टाइल कापायची पक्कड घ्या, तोंड तुकड्याच्या काठावर थोडंच टेकवून दाबा. पूर्ण तोंडात घेऊन दाबलं तर तुकडा भुगा होतो. कडा धार लावायच्या ओल्या कार्बोरंडम दगडावर दोन-तीनदा फिरवून बोथट करा. कोरडं घासू नका आणि कोरडं झाडूही नका, फरशीची धूळ श्वासात जाऊ द्यायची नाही. मग रंगाप्रमाणे बादल्यांत वाटा: पांढरे, पिवळसर, लाल-तपकिरी, निळे, हिरवे, काळे, नक्षीवाले. हे वाटप मन लावून केलं तर पुढचं काम निम्म्या वेळात होतं. आणि बसून गप्पा मारत करायचं ते हेच काम आहे, वस्तीतली बायामाणसं, सभासद, शाळकरी मुलं एकत्र येतात ती इथे. घाई करून मजूर लावून हे उरकू नका.

चित्राचा आराखडा २४ पाट्यांवर एकदम, जमिनीवर पाट्या जोडून ठेवून कोळशाने काढा. पाट्यांच्या पाठीवर क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण आत्ताच काढा, नंतर हमखास गोंधळ होतो. प्रत्येक कोपऱ्यात कडेपासून ४ सेंटीमीटर आत स्क्रूचं भोक फरशी लावायच्या आधी पाडा आणि त्याभोवती चौकोन मोकळा सोडा.

लावताना बोर्ड ओल्या स्पंजने पुसून घ्या. कोरडा बोर्ड ॲडहेसिव्हमधलं पाणी ओढतो आणि तुकडा वरवर चिकटतो. मसाला पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा, मगच वापरा. खाचांच्या थापीने एका वेळी एक फूट बाय एक फूट एवढाच पसरा. पंधरा-वीस मिनिटांत त्यावर साय धरते, उन्हाळ्यात दहाच मिनिटांत. बोट लावून बघा: मसाला बोटाला लागला तर चालू ठेवा, नाही लागला तर खरवडून टाका. पाणी शिंपडून पुन्हा जिवंत करायचा प्रयत्न करू नका. मुलं असतील तेव्हा अर्धाच फूट. दोन तुकड्यांमध्ये ३ ते ४ मिलिमीटर फट. ६ मिलिमीटरची भिंतीची फरशी आणि १० मिलिमीटरची जमिनीची फरशी शेजारी आली तर पातळ तुकड्याच्या पाठीला जादा मसाला लावा. वरचा पृष्ठभाग सारखा नसेल तर ग्राउट भरताना उंच कडा बोटांना कापतात आणि पुढे भिंतीशी खेळणाऱ्या मुलांनाही. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे भिंतीची सच्छिद्र फरशी बाहेर वापरूच नका, तिने शोषलेलं पाणी गोठलं की तिचा वरचा थर उडतो.

एक चूक खूप ठिकाणी होते म्हणून वेगळी सांगतो: तुकडे घरी जाळीवर पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवून आणायचे आणि मग पाटीवर लावायचे. आत, कोरड्या जागी हे चालतं. बाहेर तो गोंद ओल लागली की पुन्हा मऊ होतो आणि पावसाळ्यानंतर पट्टेच्या पट्टे सुटतात.

चोवीस तासांनंतर ग्राउट. मोज्याच्या हाताने नव्हे, रबरी थापीने तिरकं भरा. २०-३० मिनिटांनी पिळून घेतलेल्या स्पंजने पुसा. स्पंज ओला राहिला तर सांध्यातला रंग धुपून पांढुरका होतो. रंग निवडताना करडा घ्या. पांढरा ग्राउट बाहेर वर्षात मळतो आणि फुटक्या तुकड्यांच्या मधे तो जाळीसारखा पुढे येतो. चार टेबलं, दर टेबलाला चार माणसं, आठवड्यातून एक बैठक धरली तर लावायला सहा आठवडे आणि ग्राउटला तीन. घरोघरी विचारणं आणि गोळा करणं यांना आधीचा महिना. २७ जणांची यादी आहे म्हणून २७ धरू नका. दर बैठकीला आठ-दहा सभासद येतील असं धरून बेत आखा, बाकी हात वस्तीतले. तुमच्यातलेही काही जण पुरात बुडालेले असतील आणि चार महिने वाटपात राबून थकलेले असतील. त्यांनी येऊन नुसतं रंग वेगळे केले तरी चालेल, किंवा आलेच नाहीत तरी.

टांगण्याआधी स्थापत्य अभियंत्याला भिंत दाखवा. सगळ्या पाट्या मिळून साडेतीनशे किलोच्या पुढे वजन जातं आणि ही भिंत पाण्यात उभी होती. नाणं जाईल एवढी भेग असेल किंवा गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर भिंतीला हात न लावता पुढे स्वतंत्र लोखंडी चौकट उभी करा. भिंत ठीक असेल तर गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या उभ्या ठोका, अँकर, म्हणजे भिंतीत पक्का बसणारा बोल्ट, गिलावा सोडून विटेत किमान ६ सेंटीमीटर गेला पाहिजे. पट्ट्यांवर पाट्या, म्हणजे मागे दोन-अडीच सेंटीमीटर पोकळी राहते. तिचं वरचं आणि खालचं तोंड उघडं ठेवा. भिंत त्यातून सुकत राहील. लोक म्हणतील, फट बुजवा, नीट दिसत नाही. बुजवू नका. पाट्यांमध्येही ३ ते ५ मिलिमीटर अंतर. स्क्रू स्टेनलेसचे, साध्या स्क्रूचा गंज वर्षभरात खाली ओघळतो. स्क्रूवरचा मोकळा चौकोन फरशीच्या तुकड्याने झाका, पण तो तुकडा सिलिकॉनने लावा, म्हणजे पाटी उतरवायची वेळ आली तर ब्लेडने सुटतो.

गेलेल्या माणसांची नावं लिहायची का, हे फक्त त्यांच्या घरच्यांना विचारा. एका जरी घराने नको म्हटलं तर यादी करू नका, कारण अपुरी यादी कुणाला तरी पुन्हा दुखावते. नावाशिवायही आठवण ठेवता येते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली. वर्षभरानंतर तिथे १८५ खुर्च्या पांढऱ्या रंगवून मोकळ्या जागेत मांडल्या, प्रत्येक वेगळी, त्यात चाकांची खुर्ची होती आणि तान्ह्या मुलाची बैठकही. नावं लिहायचीच ठरली तर प्रत्येक नावाचं लेखन घरच्यांकडून कागदावर सहीसह घ्या आणि एक पाटी कोरी ठेवा. अजून बेपत्ता असलेली माणसं असतात, उशिरा होकार देणारी घरंही असतात.

बोधचिन्हाबद्दल अध्यक्षांना एकट्याला भेटून सांगा, बैठकीत नको. मधोमध चिन्ह आलं की बशी देणाऱ्या बाईला ते चित्र क्लबचं वाटतं, तिचं राहत नाही. क्लबचं नाव हाताच्या पंजाएवढ्या पाटीवर, खालच्या कोपऱ्यात, ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्या नावांच्या शेवटी. रोटरी आणि लायन्स दोन्हींचं वर्ष १ जुलैला फिरतं, त्यामुळे जूनमध्ये सगळीच कामं उरकायची घाई होते, हे फक्त तुमच्याच क्लबचं दुखणं नाही. उपाय असा: मार्चच्या बैठकीत येणाऱ्या अध्यक्षांना या कामाचे सहप्रमुख करा आणि एकपानी ठराव दोघांच्या सहीने मंजूर करून घ्या. त्यात भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी, पाट्या कुणाच्या मालकीच्या, दुरुस्ती कोण करणार आणि एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम डागडुजीसाठी बाजूला ठेवली, एवढं असू द्या. उरलेले तुकडे, एक किलो ग्राउट आणि दोन जादा बोर्ड डब्यात भरून सभागृहातच ठेवा.

तारखेबद्दल आमचं मत ठाम आहे: लोकार्पण वर्षदिनी नको. त्या दिवशी लोकांचं मन आधीच भरून आलेलं असतं, तो दिवस त्यांच्या घरात त्यांचा त्यांना असू द्या. फीत, भाषणं, ध्वनिक्षेपक त्या दिवशी अंगावर येतात. इटलीत सिसिलीमधल्या जिबेलिना गावाच्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या इटालियन कलाकाराने केलेलं काँक्रीटचं काम १९६८ च्या भूकंपानंतर सोळा वर्षांनी, १९८४ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. तुम्हाला सोळा वर्षं थांबायला आम्ही सांगत नाही. पावसाळा सरल्यावरचा एखादा साधा दिवस घ्या. तोवर भिंतीची प्लास्टिक चाचणीही लागोपाठ दोनदा कोरडी आलेली असेल. बशीवाल्या, कपवाल्या घरांना आदल्या दिवशी संध्याकाळी एकटं येऊन बघू द्या, आपला तुकडा कुठे आहे ते शोधू द्या. त्यासाठी वहीतला पाचवा रकाना आणि एखादा टॉर्च हाताशी असू द्या.